तिथीची पाऊणपट

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आमच्या जिल्ह्याला आता सवयीची झाली आहे. शाळांच्या फलकांवर नावं लागतात, पेढे वाटले जातात. दोन वर्षांनी तीच मुलं बारावी विज्ञान होतात, तेव्हा मात्र घरातली बोलणी हलक्या आवाजात सुरू होतात. इंजिनिअरिंगला कुठे नंबर लागतो, नाही लागला तर फार्मसी, तेही नाही तर नर्सिंग किंवा हॉटेल मॅनेजमेंट. फिजिक्स घेऊन बीएस्सी हा पर्याय यादीत सगळ्यांत खाली असतो, दुसरं काही जमलं नाही म्हणून घेतलेला.

माझ्या भाचीने तो पहिल्या क्रमांकावर लिहिला. तोही पाच वर्षांचा, पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र असलेला. पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे, २००६ साली सुरू झालेली. मुंबईत कालिन्याच्या विद्यापीठ आवारात २००७ पासून मूलभूत विज्ञानांचं केंद्र आहे, मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून चालवलेलं. तिथे शिकवायला टीआयएफआर आणि बीएआरसीचे शास्त्रज्ञ येतात. दोन्हीकडे बारावीनंतर वेगळी प्रवेशपरीक्षा आणि मग सलग पाच वर्षं. ती पुण्याला गेली.

मालवणात ही बातमी सांगितली तेव्हा आजीने एकच प्रश्न विचारला, "पाच वर्सां? आणि मगे काय गो?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात मासळीच्या हंगामावर वर्षाचा खर्च ठरतो, तिथे कमावतं होऊ शकणारं माणूस पाच वर्षं नुसतं शिकत राहणं ही मोठी गुंतवणूक असते. शिष्यवृत्त्या आहेत, त्यांचा आधारही होतो. पण आजीचा प्रश्न पैशापुरता नव्हता. इतकी वर्षं एकाच विषयात असं काय शिकायचं असतं, हे तिला कळून घ्यायचं होतं. मला त्याचं उत्तर हळूहळू, भाचीच्या सुट्ट्यांमधून मिळत गेलं.

जुन्या पद्धतीत बीएस्सीची तीन आणि एमएस्सीची दोन वर्षं वेगवेगळी. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस सगळं सोडून पुन्हा प्रवेशाच्या रांगेत उभं राहायचं. पुढे गेलं की वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेली मुलं एका पातळीवर आणण्यात एमएस्सीचे कितीतरी महिने जायचे, आणि प्रयोगात हात बसेपर्यंत शेवटची परीक्षा यायची. जोड अभ्यासक्रमात तो मधला उंबरठा काढून टाकला आहे. पहिली एक-दोन वर्षं जीवशास्त्र, रसायन, गणित सगळंच शिकायचं, मग फिजिक्सकडे वळायचं, आणि पाचव्या वर्षी एखाद्या संशोधकाच्या हाताखाली स्वतःचा प्रकल्प करायचा. फिजिक्स हा विषय पहिल्या भेटीत कळतच नाही. अकरावीत दोलक भेटतो, पहिल्या वर्षी तोच कॅलक्युलसमधून भेटतो, नंतर लाग्रांजच्या रीतीने, आणि तिसऱ्या वर्षी क्वांटममध्ये तोच दोलक अणूच्या आत जाऊन बसलेला असतो. दर भेटीत ओळख वाढते. त्या भेटींना सलग वेळ लागतो, आणि या पाच वर्षांचं खरं मोल मला त्यातच दिसतं.

याचा पडताळा मला आमच्याच किनाऱ्यावर आला.

रापणकरांकडे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांकडे, भरती काढायचा जुना ठोकताळा आहे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. घड्याळ, पंचांग आणि पाऊणकीचा पाढा एवढ्यावर अख्खा व्यवहार चालायचा. भाचीने पहिल्या वर्षाच्या सुट्टीत हा हिशेब ओटीवर बसून तपासला. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपट केली की येतात ४५. रोज तीन मिनिटांची तूट, आणि पौर्णिमेपर्यंत ती पाऊण तास होते. ठोकताळ्याप्रमाणे पौर्णिमेची भरती सव्वाअकराला आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची पाऊण वाजता, म्हणजे एका रात्रीत दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही. पण ४८ मिनिटांनी तोंडी गुणाकार कोण करणार? ज्याने कोणी पाऊणपट ठरवली, त्याने चूक किती सोसायची हे नीट जाणून सोपा आकडा निवडला असावा, असं मला वाटतं. आणि दर पंधरवड्याला तिथी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून साचलेली चूकही तिथेच पुसली जाते. अंदाजाने काम करण्याची ही शिस्त प्रयोगशाळेत शिकवायला फार वेळ लागतो, असं तिचे शिक्षकही सांगतात म्हणे.

तिसऱ्या वर्षी ती आली ती फूरिये शिकून. आता तिला भरतीत एक लाट दिसत नव्हती, अनेक दिसत होत्या. चंद्रामुळे उठणारी १२ तास २५ मिनिटांची, सूर्यामुळे उठणारी बरोबर १२ तासांची, शिवाय दिवसाला एकदाच येणाऱ्या दोन-तीन, ज्यांच्यामुळे आमच्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. चंद्राची आणि सूर्याची लाट जुळली की उधाण, एकमेकींच्या विरुद्ध पडल्या की भांग. त्या पुन्हा जुळायला १४.७७ दिवस लागतात. लॉर्ड केल्विनने १८७२ च्या सुमारास अशा लाटांची बेरीज करणारं चाकांचं आणि कप्प्यांचं यंत्र बांधलं, आणि १८७९ साली तशाच धर्तीचं एक यंत्र खास भारतीय बंदरांच्या भरतीची कोष्टकं काढण्यासाठी तयार झालं. दांडीच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी माडांच्या मुळापर्यंत येतं, हे आम्ही जन्मभर पाहिलं. ते दोन ठेक्यांच्या मिळून येण्याने होतं, हे कळल्यावर मी पुन्हा मुद्दाम पाहायला गेलो.

फिजिक्सच्या शिक्षणाने आणखी एक गोष्ट होते, ती आपल्या जिल्ह्याला लागू पडते म्हणून सांगतो. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' आहेत. हेलियमचा शोध त्या ओट्यांवरून १८६८ च्या ग्रहणात लागला, असं आपण अभिमानाने सांगतो आणि १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतो. पण त्या दिवशी सूर्याचा वर्णपट पाहणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने सोडियमच्या जोडरेषेशेजारची हेलियमची परकी पिवळी रेषा ओळखली ती ऑक्टोबरात, इंग्लंडात, ग्रहणाविनाच. लॉकियर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेने पृथ्वीवरच्या एका खनिजातून हेलियम वेगळा काढून तीन वर्षं होत आली होती. मला यात विजयदुर्गाचा मान कमी झाल्यासारखं वाटत नाही. त्या जानेवारीत आरमारी खलाशांच्या मदतीने तिथे दुर्बिणी उभ्या राहिल्या, सूर्याच्या वर्णपटाचे फोटो निघाले. हे कोणत्याही किल्ल्याला पुरेल एवढं वैभव आहे. साजरं करायचं तर हे करावं. पुराव्यापाशी थांबायला शिकवणारा विषय आपल्या मुलांनी शिकावा, असं मला यासाठीही वाटतं.

आमच्या भागाला फिजिक्सचा माणूस नवा नाही. प्रा. मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. १९७१ पासून जवळजवळ वीस वर्षं ते राजापूर मतदारसंघाचे खासदार होते, आणि ज्या कोकण रेल्वेचा त्यांनी ध्यास घेतला ती १९९८ साली पूर्ण सुरू झाली. कुडाळला गाडीत बसून शिकायला जाणारी आमची मुलं त्यांच्या ऋणात आहेत.

अडचणी आहेतच. सतरा-अठराव्या वर्षी पाच वर्षांचा निर्णय घ्यायचा, मराठीतून शिकून एकदम इंग्रजी व्याख्यानांत जाऊन बसायचं, आणि आपल्या गावात या वाटेने गेलेलं कुणी माहीत नसायचं. यातली शेवटची अडचण आपण कमी करू शकतो.

भाचीचं आता पाचवं वर्ष. प्रकल्प आहे लेझरने अणू थंड करण्याचा, समुद्राशी काही संबंध नसलेला. पण तिने गावातल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी एक बेत केला आहे. चंद्राची आणि सूर्याची लाट वेगळी काढायला पंधरा दिवसांच्या, तासातासाच्या नोंदी पुरतात. दिवाळीच्या सुट्टीत जेटीलगत खुणा केलेली काठी रोवायची, पाळ्या लावून पाण्याची उंची लिहायची, आणि बेरीज-वजाबाकीने मालवणचे आकडे काढायचे. रात्रीच्या पाळ्यांना मोठी माणसं सोबत हवीत, म्हणून चार रापणकरांना विचारलं. चौघेही तयार झाले. आजीने दोन ते चारची पाळी स्वतःच्या ओटीवरच्या चहाची म्हणून मागून घेतली आहे. काठीवर सेंटीमीटरचे पट्टे कोणत्या रंगाने मारायचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात ते टिकतील, यावर सध्या होडी रंगवणाऱ्यांशी चर्चा चालली आहे.