पहिली टाकायची, शेवटची धरायची

सुपा हे माझं माहेर. एकदा आईला विचारलं, "आमटीत मीठ किती घालतेस गं?" तिने अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाखवली. "ग्रॅममध्ये सांग." ती म्हणाली, "ते तुझ्या हापिसात विचार."

हापिसातही कुणाला सांगता येत नाही, म्हणून तर माझी नोकरी आहे. लोक मीठ किती खातात हे शोधण्यासाठी गावोगाव लघवी गोळा करायची, हे माझं काम. पाहुण्यांनी विचारलं की आई सांगते, "आरोग्य खात्यासारखंच काहीतरी करते." पुढचं ती सांगत नाही.

भाकरी किती खाल्ल्या, चहात साखर किती चमचे, हे माणूस सांगू शकतो. मीठ चिमटीतून पडतं आणि चिमूट प्रत्येकीची वेगळी. शिवाय ते एका ठिकाणाहून येत नाही. कालवणात असतं, ठेच्यात असतं, लोणच्याच्या बरणीत वर्षाचं एकदमच पडलेलं असतं. पापडखारात आणि भज्यांच्या सोड्यात तर मीठ नसून सोडियम असतं, शरीराला दोन्ही सारखंच. इकडे एमआयडीसी आल्यापासून पाळी सुटल्यावर वडापाव आणि फरसाण ठरलेलं. बोअरचं मचूळ पाणीही थोडी भर घालतंच. उपासाला सैंधव खाणाऱ्या बायका मला ठामपणे सांगतात की ते मिठात धरायचं नसतं. मी वाद घालत नाही. यंत्राला मात्र सैंधव आणि साधं मीठ यातला फरक कळत नाही.

म्हणून मीठ आत जाताना मोजायचं नाही, बाहेर पडताना मोजायचं. खाल्लेल्या सोडियमपैकी साधारण नव्वद टक्के लघवीवाटे जातं, बाकीचं घामातून आणि शौचातून. चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये साठवली की त्या दिवसाचा हिशेब हाती येतो. समजा, कॅनमध्ये दीड लिटर जमली आणि लिटरमागे १२० मिलिमोल सोडियम निघालं. म्हणजे दिवसाचे १८० मिलिमोल, सोडियम ४ ग्रॅमच्या थोडं वर, मिठाच्या भाषेत साडेदहा ग्रॅम. न सापडलेला दहावा हिस्सा धरला की साडेअकराच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमच्या आत राहा. म्हणजे एक सपाट चमचा, तोही सगळ्या दिवसाचा, लोणच्यासकट.

सोडियम ओळखणं सोपं आहे. आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते, ते सोडियमच. जुन्या प्रयोगशाळांतला फ्लेम फोटोमीटर याच पिवळ्या उजेडाची तीव्रता मोजायचा. आता इलेक्ट्रोडची यंत्रं आली, नमुना आत घातला की आकडा बाहेर. अवघड आहे ते कॅन भरणं.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ बघायचं. ती रात्रीची, म्हणजे कालच्या खात्यातली. तिथून पुढची प्रत्येक वेळची कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळी जाऊन यायचं आणि ती मात्र धरायची. पहिली टाकायची, शेवटची धरायची. हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर बसून म्हटलंय की झोपेतही येईल. तरी सगळ्यांत जास्त माणसं इथेच चुकतात. पहिली धरली की चोवीसऐवजी तीस-बत्तीस तासांचा माल जमतो आणि माणूस उगीच मीठखाऊ ठरतो. उलट दुपारी शेतात असताना एकदा चुकली की तोच माणूस कागदावर एकदम पथ्याचा होतो.

एका म्हातारीने कॅन हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ताई, ह्यो कुठं ठिवायचा? देव्हारा हितं, चूल हितं, अन् सून हितं." तिची अडचण खरी होती. तेव्हापासून मी कॅनबरोबर काळी कापडी पिशवी देते आणि घरात शिरल्यावर आधी जागा ठरवते, मग सही घेते. प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं. गावातल्या आशा सेविकांनी शिकवलं.

बायकांच्या कॅनबद्दल आणखी एक सांगायला हवं. पुष्कळ अभ्यासांत दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा कमी जमलं तर नमुना अपुरा म्हणून बाद करतात. नियम बरोबर आहे. पण खुरपायला जाणारी बाई सकाळपासून तांब्याभरही पाणी पीत नाही, कारण रानात आडोसा नसतो. एकदा घरून निघाली की थेट दिवेलागणीला. तिचा कॅन खरोखरच तेवढाच भरतो. आपण तिला बाद करतो आणि अहवालात लिहितो, "अपूर्ण संकलन". मला हा शब्द टोचतो. अर्थात नुसत्या मापावर विसंबत नाहीत. स्नायूंतून रोज साधारण तेवढंच बाहेर पडणारं क्रिएटिनिन तपासतात. काही ठिकाणी पाबा नावाच्या औषधाच्या ८० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या दिवसभरात देतात आणि लघवीत ते किती परत आलं ते बघतात. पंच्याऐंशी टक्क्यांहून कमी आलं तर कुठेतरी गळती आहे. चांगली युक्ती, पण अनोळखी माणसाने दिलेली गोळी गावात कोण खाणार?

असं काम जगभर एकदम झालं ते इंटरसॉल्ट नावाच्या अभ्यासात. ५२ केंद्रं, ३२ देश, दहा हजारांवर माणसं, आपल्याकडून दिल्ली आणि लडाख. १९८८ साली निष्कर्ष छापून आले. सगळ्यांची लघवी बेल्जियममधल्या लूव्हेनच्या एकाच प्रयोगशाळेत गेली, म्हणजे यंत्रायंत्रातला फरक मध्ये यायला नको. ब्राझीलच्या जंगलातल्या यानोमामी लोकांच्या लघवीत सोडियम जवळजवळ नव्हतंच. ही माणसं जगत होती, शिकार करत होती, आणि वय वाढलं म्हणून त्यांचा रक्तदाब वाढत नव्हता. आमच्याकडे अळणी जेवणाला आजारपण म्हणतात.

हल्ली एकाच वेळच्या लघवीवरून सूत्राने दिवसाचं मीठ काढतात. कावासाकी, तनाका ही त्या सूत्रांची नावं, जपानी लोकांवर बेतलेली. काम स्वस्त होतं, कॅन लागत नाही, सून हसत नाही. पण कमी खाणाऱ्याचं मीठ ती जास्त दाखवतात आणि जास्त खाणाऱ्याचं कमी. सगळे मध्यावर येऊन बसतात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एका वेळच्या लघवीवरून भारताची सरासरी दिवसाला ८ ग्रॅम निघाली, पुरुषांची बायकांपेक्षा जास्त. त्याआधी दिल्ली-हरयाणात आणि आंध्रात चोवीस तासांची लघवी गोळा झाली होती, तिथे साडेआठ आणि साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. दोन्ही आकडे मी वापरते. भांडायची वेळ आली तर कॅनच्या बाजूने भांडते.

एका माणसाचा एका दिवसाचा कॅन मात्र त्याच्याबद्दल फारसं सांगत नाही. कालच घरात पिठलं-ठेचा असेल, उद्या लापशी. आकडा गावाचा असतो. "माझं किती निघालं?" असं विचारणाऱ्याला हे समजावणं मला अजून नीट जमलेलं नाही.

दुसऱ्याच्या हातात कॅन द्यायचा तर एकदा आपण भरून बघावा, म्हणून मागच्या उन्हाळ्यात माहेरी आले तेव्हा मी माझाच भरायला घेतला. पहिली टाकली, सहा वाजून दहा मिनिटं लिहिली, पिशवी न्हाणीत खुंटीला अडकवली. दुपारी चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, हे लक्षात असूनही नव्हतं. कार्यालयात पैठणी नेसून कॅनची पिशवी घेऊन कशी जाणार? तीन तास कळ काढली. पंगत उठेपर्यंत धीर संपला आणि जाऊन आले, कॅन घरी खुंटीवर.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला शेवटची धरली आणि फॉर्म भरायला बसले. "एखादी वेळ चुकली का?" या रकान्याशी आले, तेव्हा आजवर "नाही" सांगितलेली कितीतरी माणसं आठवली. मी "होय, एकदा" लिहिलं. तो नमुना बाद झाला.