ओटिसबुवा

१९७८ च्या दिवाळीला मामा बोटीवरून घरी आला, तो खांद्यावर टू-इन-वन घेऊन. सोबत पाच-सहा कॅसेटी. त्यातली एक कुठल्याशा खलाशाकडच्या टेपवरून त्यानं स्वतः भरलेली होती आणि तिच्या पट्टीवर निळ्या शाईत एकच शब्द लिहिला होता : सोल. आजीनं चष्मा पुढं सरकवून तो वाचला. "सोलां? ती कित्याक रे हाडलंस? घरात काय कमी आसत?"

माझ्या आयुष्यात सोल संगीत आलं ते असं, आमसुलांच्या वासात.

वेंगुर्ल्याच्या त्या पडवीत मग रोज दिवेलागणीनंतर कॅसेट लागायची. मी चौदा वर्षांची, माझं इंग्रजी शाळेच्या पुस्तकापुरतं. शब्द कळत नसत, त्यात गाणारे ते चावून, ओढून, मध्येच गिळून टाकत. पण त्यांतल्या एकाचा आवाज लगेच ओळखू यायचा. घोगरा, धावत आल्यासारखा. एखादं अक्षर पकडून तो त्यालाच पुन्हा पुन्हा हाक मारी. मामा मान हलवून म्हणे, "ह्यो बुवा मोठो."

आमच्याकडे बुवा म्हणजे भजन म्हणणारा. मामा लहानपणापासून डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, रात्र रात्र बसलेला. बुवा मोठा की लहान, हे त्याच्या लेखी एकाच गोष्टीवर ठरे : त्यानं ओळ टाकली की कोरसला ती उचलल्याशिवाय राहवतं का. या कॅसेटवर कोरसच्या जागी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन होते आणि ते अगदी तशीच ओळ उचलत. गाणाऱ्याचं नाव ओटिस रेडिंग. घरात तो ओटिसबुवाच झाला.

पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं बाकीच्यांहून वेगळं होतं. लाटांचा आवाज, आणि बुवा अजिबात ओरडत नाही, बसल्या बसल्या स्वतःशी बोलावं तसा गातो. धक्क्यावर बसलेल्या माणसाचं गाणं आहे, एवढं मामानं सांगितलं. जॉर्जियातलं घर सोडून आला, हाती काही लागलं नाही, बसलाय भरती-ओहोटी बघत. शेवटी तो शीळ घालू लागतो. आणि शीळ सुरू होते न होते तोच कॅसेटची बाजू संपायची. खट्. दर वेळी तिथंच.

आजीला ते बरंच वाटे. रात्री शीळ घातली की साप येतो, आणि कॅसेटमधली शीळ तिच्या हिशेबी शीळच होती. मुलींनी तर ती दिवसाही घालायची नाही. मामानं मला बंदरावर नेऊन शिकवली. फक्त खट्पर्यंतची, पुढची त्यालाही आठवत नव्हती.

मी मुंबईला बँकेत लागले तेव्हा मामाचे दिवस फिरले होते. करार संपला की आठ-दहा महिने घरी, मग बॅलार्ड इस्टेटला एका कंपनीच्या दारात खेपा. खेप फुकट गेली की तो भाऊच्या धक्क्यावर जाऊन बसे. शनिवारी मी डबा घेऊन जायची. रेवसची लाँच सुटे, दुसरी लागे, मामा बघत राही. त्याची बोट मोडीत निघाल्याचं त्याला तिथंच कुणीतरी सांगितलं. मराठीत धक्का या शब्दाला दोन अर्थ आहेत. त्याला दोन्ही एकाच जागी मिळाले. त्या दिवशी तो शीळ वगैरे घालत नव्हता. मला मात्र ते गाणं पहिल्यांदा कळलं. त्यात रडणं नाही, तक्रार नाही, नुसतं बसून राहणं आहे.

१९९६ साली काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये मला त्या गाण्याची सीडी मिळाली. तिथल्या बूथमध्ये कानाला हेडफोन लावून मी खट्च्या पुढं काय आहे ते ऐकायला उभी राहिले. अठरा वर्षांची उत्सुकता. पुढं काहीही नव्हतं. शीळ चालू राहते, बारीक होत जाते, विरते. सीडी घेऊन मी गावी गेले. मामानं शेवटपर्यंत ऐकलं. "मगे?" म्हणाला. मग जरा थांबून, "आमचांच बरां होतां."

नंतर मी त्या गाण्यामागचं वाचत गेले. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटोत, एका हाऊसबोटीवर मुक्कामाला असताना ओटिसला ते सुचलं. गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर याच्या मदतीनं त्यानं ते पुरं केलं. नोव्हेंबरात मेम्फिसला ध्वनिमुद्रण झालं, उरलेलं ७ डिसेंबरला. शेवटी म्हणायला हाताशी काही नव्हतं म्हणून त्यानं शीळ घातली, असं सांगतात. १० डिसेंबरला त्याचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तलावात कोसळलं. वय २६. लाटा आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज क्रॉपरनं तो गेल्यावर घातले. म्हणजे आमच्या पडवीत ऐकू येणारा समुद्र बुवानं स्वतः कधी ऐकलाच नव्हता. गाणं जानेवारी १९६८ मध्ये बाहेर आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायकाच्या मृत्यूनंतर असं तिथं प्रथमच घडत होतं.

मामाची डबलबारीची उपमा किती नेमकी होती, तेही तेव्हाच उमगलं. हे सगळे गायक चर्चमध्ये तयार झालेले. आमचे बुवा सिनेमाची चाल घेऊन तिच्यात विठ्ठल बसवतात. रे चार्ल्सनं १९५४ साली उलटं केलं, येशूच्या गाण्याची चाल घेतली आणि तिच्यात बाई बसवली. चर्चवाले भडकले, पण लोकांना आपला देवाजवळचा हुंदका संसारासाठीही वापरता येतो हे कळून गेलं होतं. धर्मगुरूची मुलगी अरेथा फ्रँकलिन हिनं तर कमाल केली. 'रिस्पेक्ट' हे मुळात ओटिसचं १९६५ चं गाणं, दमून घरी येणाऱ्या पुरुषाची विनवणी. दोन वर्षांनी तिनं ते बाईच्या तोंडी घातलं, शब्दाचं एकेक अक्षर फळ्यावर लिहावं तसं सुटं केलं, आणि विनवणीची तंबी झाली. शाखेत मी एकटीच बाई ऑफिसर होते तेव्हा लोकलमध्ये वॉकमनवर तेच ऐकायची. बुवाचा माझ्यावर राग नसावा.

मामा २०११ साली गेला. कॅसेट माझ्याकडे आहे, फितीला बुरशी आली आहे.

माझी मुलगी नॅशव्हिलला असते. तिथून मेम्फिस गाडीनं तीन तास. गेल्या डिसेंबरात तिच्या मागं लागून मी मॅकलमोर अव्हेन्यूवरच्या स्टॅक्सच्या संग्रहालयात गेले. स्टॅक्स ही ओटिसची कंपनी. जिम स्ट्यूअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या भावा-बहिणीची. दोघंही बँकेत नोकरीला. टेपरेकॉर्डर घ्यायला बहिणीनं घर गहाण ठेवलं. तो कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता. स्टुडिओ म्हणजे एक बंद पडलेलं सिनेमागृह. पडद्याकडे उतरती जमीन त्यांनी तशीच राहू दिली आणि लोक म्हणतात, त्या उतारामुळेच तो आवाज आला. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची गाणी इस्त्री केलेली, स्टॅक्सची दोरीवर वाळलेली. मला दुसरी आवडतात. १९६२ साली ओटिस तिथं आला तो एका गिटारवाल्याचा ड्रायव्हर म्हणून. वेळ उरला म्हणून त्याला गाऊ दिलं. साथीच्या चौघांत दोन काळे, दोन गोरे. गावात ते एका टेबलावर उघड बसू शकत अशा मोजक्या जागांपैकी एक लोरेन मोटेल. त्याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. ओटिसचं गाणं तेव्हा अजून वाजतच असणार.

स्टॅक्सची मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली; आताची तिच्यासारखी पुन्हा बांधलेली. आत शिरल्यावर मिसिसिपीहून आणलेलं एक लाकडी चर्च लागतं. मी त्याच्या बाकावर बराच वेळ बसले. मुलगी घड्याळ बघत होती.

बाहेर आलो तर पाचलाच अंधार. पार्किंगमध्ये मी शीळ घातली, नेहमीच्या जागेपर्यंत, आणि थांबले.

"आई, रात्रीची शीळ?" गाडीचं दार उघडता उघडता मुलगी म्हणाली. "साप येईल."

मग मी पुढचीही घातली.