डब्यातली हिरवट छत्री

मुलांनो, घाटकोपरहून मेट्रोत बसलात की शेवटचं स्टेशन वर्सोवा. तिथून कोळीवाड्याकडे गेलात, तर पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या दिसतील. जवळच मत्स्यविद्या शिकवणारी मोठी केंद्रीय संस्था आहे. पण आज गोष्ट माशांची नाही, अळंबीची आहे. (कोळीवाड्यातली माझी मुलं रुसतील, रुसू देत!)

गेल्या जुलैत चौथीतला एक मुलगा डब्यात चार पांढऱ्या छत्र्या घेऊन आला. बागेतल्या हिरवळीवर सापडल्या होत्या. म्हणाला, "बाई, आजी कोकणातली आहे. ती आज भाजी करणार!"

मी डबा ठेवून घेतला. एका छत्रीचा देठ कापला आणि छत्री अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी घातली. वर पेला झाकला. सकाळी पाहतो तर कागदावर पापुद्र्यांची सुरेख नक्षी, पण रंग हिरवट! हे होते बीजाणू. एकेक जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. असा हिरवा ठसा देणारं भूछत्र म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. खाल्लं की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू. कोवळेपणी त्याचे पापुद्रे पांढरेच असतात, म्हणून माणसं फसतात. मात्र ठसा पांढरा आला म्हणजे चालेल, असंही समजू नका हं. जीवघेण्या अमानिताचा ठसाही पांढराच असतो. चांदीचं नाणं काळं पडतं का बघायचं, ही तर निव्वळ समजूत.

आजी शाळेत आल्या. कागद बघून म्हणाल्या, "बाई, आमची अळमी वारुळार येता. हयसर वारूळ खंय आसा?"

किती नेमकं बोलल्या! कोकण-गोव्यातली ती चविष्ट अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. वारुळात वाळवी तिची शेती करते. चावलेल्या लाकूड-पाचोळ्याचे स्पंजासारखे पोळे रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि तिचे पांढरे दाणे खाते. ही शेती आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. माणसाची शेती त्यापुढे कालची पोर! पाऊस पडला की त्या पोळ्यापासून मुळासारखा लांब देठ माती फोडून वर येतो. अळंबीसाठी वारूळ खणलं, तर पुढच्या वर्षीची अळंबी गेलीच.

मुलांनी लगेच विचारलं, "मग बीजाणू पेरून का नाही उगवत?"

प्रयोगशाळेत पेरतात ना. बटाट्याच्या पाण्यात साखर आणि अगर घालतात. अगर म्हणजे समुद्रशेवाळातून काढलेला, जेलीसारखा गोठणारा पदार्थ. फॅनी हेसे या बाईंनी १८८१ साली तो स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत पोचवला. हे मिश्रण दाबाखाली १२१ अंशांवर तापवून निर्जंतुक करायचं, काचेच्या बशीत ओतायचं आणि वर बीजाणू सोडायचे. काही दिवसांनी कापसासारखे धागे पसरतात. रानातल्या ठशाबरोबर दुसऱ्या बुरश्या आणि जंतूही येतात, म्हणून स्वच्छ कडेचा तुकडा कापून नव्या बशीत, मग पुन्हा नव्या बशीत न्यायचा. गंमत म्हणजे, बहुतेक अळंब्यांत एकट्या बीजाणूच्या धाग्याला छत्री येत नाही. त्याला जुळणारा दुसरा धागा भेटावा लागतो.

धिंगरी अळंबीचे असे धागे उकडलेल्या गव्हावर वाढवले की बियाणं तयार. ते भाताच्या ओल्या पेंढ्यात मिसळलं की पिशवीतून धिंगरी डोकावते. टर्मिटोमायसिसचे धागेही बशीत वाढतात, छोटे पांढरे दाणेसुद्धा धरतात. पण छत्री? तिला वारूळच हवं. धिंगरीसारखं तिचं हमखास पीक काही घेता येत नाही.

हे ऐकून तो मुलगा म्हणाला, "म्हणजे वाळवी शास्त्रज्ञांपेक्षा हुशार?" मी हसले. काय उत्तर देणार?

तो हिरवा ठसा अजून आमच्या वर्गात काचेखाली आहे. डबा मात्र आजींनी पुन्हा वापरू दिला नाही.