पाऊण इंचाचा हिशेब

आमचं न्यू जर्सीतलं घर स्प्लिट-लेव्हल. वरच्या खोल्यांना मूळची ओकची जमीन, खाली फॅमिली रूममध्ये काँक्रीटवर कार्पेट. ते काढून तिथेही ओक घालायचं ठरलं, तेव्हा सासरे आमच्याकडे आले होते. "अगं, लाकूड घ्यायचं तर जाडच घे. एकदाच काय तो खर्च," बाबा म्हणाले. दुकानदारही पाऊण इंची अखंड ओकच घ्या म्हणत होता.

फ्लोअरिंगवाल्याने मात्र वरच्या खोलीतल्या हीटिंगच्या झरोक्याची जाळी उचलून जमिनीची कापलेली कड दाखवली. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते आणि खिळे त्या जिभेतूनच तिरपे ठोकतात. त्यामुळे जमीन घासून पुन्हा पॉलिश करायची, ती जिभेच्या वरच्या लाकडातच. पाऊण इंच म्हणजे 19 मिलिमीटर. त्यातलं जिभेवरचं जेमतेम 6. एकदा नीट घासली की त्यातला जवळपास एक मिलिमीटर जातो. फार खाली गेलं तर कडा उचकटतात, खिळ्यांची डोकी दिसू लागतात. खालचं लाकूड मजबुती देतं, पण घासायला कामाचं नाही.

खाली काँक्रीटमध्ये हे खिळे बसत नाहीत. आधी प्लायवूड, त्यावर ओक, म्हणजे जमीन दीड इंच वर. दारं तासता येतात, जिन्याचं काय? शेवटची पायरी बुटकी होणार, आणि इथल्या बांधकाम नियमांत एका जिन्यातल्या पायऱ्यांच्या उंचीत 3/8 इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही.

शेवटी अर्ध्या इंचाची इंजिनिअर्ड फळी घेतली. खाली आडवे-उभे प्लायचे थर, वर 3 मिलिमीटर खरा ओक. ती काँक्रीटला सरळ चिकटवता येते आणि इथल्या दमट उन्हाळ्यात, हीटिंगच्या कोरड्या हिवाळ्यात कमी फुगते-आकसते. उंची कार्पेट नि त्याखालच्या गादीएवढीच भरली. त्याच दुकानात अगदी तशाच दिसणाऱ्या काही फळ्यांवर ओकचा नुसता पापुद्रा होता; त्या घासताच येत नाहीत.

"पातळ आहे, पोचे पडतील," बाबांची शंका. पण वरून पडणारा पोचा लाकडाची जात बघतो. लाकडाचा कठीणपणा मोजणाऱ्या जान्का कसोटीत पांढरा ओक 1360, तांबडा 1290, आणि सागवान साधारण 1070. सागवानाचा आकडा बाबांनी साफ नाकारला.

प्लायवूडचे आणि जास्तीच्या मजुरीचे पैसे वाचले होते. वरच्या जुन्या ओकच्या जिभेवर अजून पुरेसं लाकूड होतं, म्हणून ती जमीनही त्याच पैशांत घासून पॉलिश करून घेतली.