सोळा रंगांत केशरी नव्हता

"टाकू नका, लागेल" हे वाक्य ज्या घरांत दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं, त्या घरांत आपण वाढलो. मोडक्या छत्रीची काडी, डालड्याचा डबा, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, कोऱ्या पाठीच्या लग्नपत्रिका, सुरतेच्या साड्यांची खोकी, सगळं माळ्यावर. आणि ते लागायचंही. ट्यूबच्या पट्टीनं गळका नळ आवळला जाई, खोक्याच्या पुठ्ठ्यात वह्या बांधल्या जात. खांडबाऱ्यातली आमची गल्ली तर या बाबतीत कुणाला हार जाणारी नव्हती. अशा घरात कॉम्प्युटर आला तोही साहजिकच कुणाचा तरी वापरून झालेला.

तेव्हा आपला जिल्हा धुळेच होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. काकांनी सुरतेहून जुना ४८६ आणला, ताप्ती लाइनच्या पॅसेंजरमधून. डबा बाकाखाली आणि मॉनिटर घोंगडीत गुंडाळून मांडीवर, तान्ह्या पोरासारखा. घरी आल्यावर हळदकुंकू, नारळ, उदबत्ती. जुन्या पडद्याचं कव्हर काकूनं त्याच दुपारी शिवलं. आजी लांबूनच बघत होती. "हाई काय शे रे भो?" कॉम्प्युटर, आम्ही म्हणालो. "मंग हाई काय करस?" यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागले.

उत्तर मिळालं नंदुरबारच्या क्लासात. आठवतं का? चपला बाहेर, एका मशीनवर तिघं, आणि समोर तो निळा पडदा, पांढरी अक्षरं. क्यूबेसिक. बेसिक भाषा मूळची १९६४ सालची, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी केलेली. विज्ञान शाखेत नसलेल्या मुलांनाही कॉम्प्युटर हाताळता यावा एवढ्यासाठी. तिचा क्यूबेसिक हा अवतार १९९१ मध्ये एमएस-डॉस ५ बरोबर आला आणि जीडब्ल्यू-बेसिक मागे पडलं. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो गोरिला.

दोन इमारतींवर दोन गोरिला, एकमेकांवर केळी फेकतात. कोन सांगायचा, वेग सांगायचा, केळं सुटायचं. अकरावीच्या फिजिक्समधला प्रक्षेप्य आम्हाला आधी केळ्यानंच शिकवला. नेम चुकून केळं सूर्याला लागलं तर सूर्याचं तोंड 'ऑ' व्हायचं, आणि त्यासाठी मुद्दाम नेम चुकवणारेही होते. पण खरी गंमत वेगळीच होती. हा खेळ उघडून बघता यायचा. सगळा प्रोग्राम समोर, वाचा, बदला. गुरुत्वाकर्षण ९.८ चं ५ करा, केळं इमारतींच्या पार पलीकडे. आजच्या मुलांच्या फोनमध्ये हजार खेळ असतील, पण आतून उघडणारा एकही नाही.

मग आम्ही स्वतःचं लिहायला लागलो. आधी वहीत, कारण वीज कधी जाईल याचा नेम नव्हता आणि वही बंद पडत नाही. दोनशे पानी वही, डावीकडे प्रोग्राम, उजवीकडे आलेख-कागदाचा तुकडा चिकटवलेला. बिंदू मोजायचे, मग 'लाइन' आणि 'सर्कल'. सगळ्यांचं पहिलं चित्र घराचं, आणि सगळ्यांचं पहिलं घर उलटं. गणिताच्या वहीत वाय वर जातो, पडद्यावर मात्र शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि वाय खाली उतरतो. छप्पर जमिनीवर, दार आकाशात. आणि 'पेंट'? रेषेत एका ठिपक्याएवढी फट राहिली तरी रंग गळायचा. भिंत रंगवायला जावं आणि अख्खा पडदा तांबडा. गल्लीतल्या प्रत्येकाच्या घरात हा पूर येऊन गेलेला आहे.

२६ जानेवारी आली आणि ताईनं ठरवलं, तिरंगा काढायचा. स्क्रीन १२, म्हणजे ६४० बाय ४८० ठिपके आणि सोळा रंग. पट्टे सोपे. अशोकचक्राला २४ आरे, म्हणजे १५ अंशांना एक. अंशांचं रेडियन करून तेही फिरवले. हिरवा होता, २ नंबरला. पांढरा १५ ला. केशरी? शून्यापासून पंधरापर्यंत सगळे तपासले. ४ लाल, ६ तपकिरी, १२ फिकट लाल, १४ पिवळा. सोळा रंगांत केशरी नव्हता!

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर जे वाद झाले ते ग्रामसभेत होत नाहीत. दादा म्हणे बारा घ्या, कुणी म्हणे सहा, लांबून भगवाच दिसतो. काका म्हणाले, आपण झेंडा काढतोय, टेकाडावरची माती नव्हे. शेवटी दादानंच डिक्शनरी घेऊन एफ-वनच्या मदतीत डोकं घातलं आणि 'पॅलेट' नावाचा शब्द शोधून आणला. रंगाची पेटी सोळा खणांचीच, पण खणात काय भरायचं ते आपल्या हातात. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते ६३. निळ्याला ६५५३६ नं गुणायचं, हिरव्याला २५६ नं, मग लाल मिळवायचा. ६३, ३८, १२ असं धरलं तर बेरीज येते ७९६२२३. 'पॅलेट ६, ७९६२२३' लिहिलं, एफ-पाच दाबलं आणि तपकिरी पट्टा केशरी झाला. वहीच्या त्या पानावर हा आकडा लाल शाईनं चौकटीत आहे.

त्याच वहीत पुढे आहे 'फाटक'. आमच्या गल्लीचा एकमेव मोठा खेळ, ताईचा. बैलगाडी रुळांच्या अलीकडे, मालगाडी येणार, फाटक पडायच्या आत गाडी पार करायची. मालगाडी म्हणजे चौकोनांची रांग, बैल म्हणजे एक चौकोन आणि शिंगाच्या दोन रेघा. हलवायचं 'गेट' आणि 'पुट' नं: चित्र उमटवा, तिथंच पुन्हा उमटवा म्हणजे पुसलं जातं, मग पुढच्या ठिकाणी उमटवा. त्यामुळे सगळं लुकलुकायचं, आणि बैल हिरव्या शेतावरून गेला की त्याचा रंगच पालटायचा. वेग आवरायला मध्ये रिकामा फॉर-नेक्स्ट, एकपासून काही हजारांपर्यंत नुसतं मोज म्हणून. बिचारा ४८६ मोजत बसायचा. सगळ्यांनी खेळून झाल्यावर आजीही खेळली. तिनं बैलगाडी फाटकाशी थांबवून ठेवली, गाडी जाऊ दिली आणि मगच पार केली. म्हणाली, घाई कसली?

मग दिवस बदलले. विंडोज आलं. ९५ आणि ९८ च्या सीडीवर क्यूबेसिक एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये होतं, पुढे तेही नाही. २००१ मध्ये एमकेसीएल आलं, पाठोपाठ एमएस-सीआयटी, आणि नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागू लागलं. क्लासात वर्ड, एक्सेल शिकवू लागले, ते गरजेचंच होतं. फ्लॉप्यांना बुरशी लागली. चौसष्ट बिटांच्या विंडोजनं तर डॉसच्या जुन्या सोळा बिटांच्या प्रोग्रामना दारातूनच परत पाठवलं. ४८६ माळ्यावर गेला. वहीसुद्धा रद्दीत निघाली होती. काकू ओरडली, टाकू नका, लागेल.

लागली. दादाचा मुलगा सुट्टीत आला, माळ्यावर चढला आणि वही घेऊन उतरला. लॅपटॉपवर त्यानं एक गोष्ट उतरवून घेतली, क्यूबी६४. उघडली तर तोच निळा पडदा! ताई चष्मा शोधायला आत पळाली. गॅलिऑन या नावानं वावरणाऱ्या एका प्रोग्रामरनं २००७ मध्ये हे काम सुरू केलं. जुन्या क्यूबेसिकचा प्रोग्राम घ्यायचा, आत त्याचं सी प्लस प्लस करायचं आणि आजच्या मशीनला समजेल अशी फाइल बांधायची. २०२२ पासून त्याची फिनिक्स आवृत्ती हौशी लोक मिळून चालवतात. एकेकाळी आपला प्रोग्राम ईएक्सई व्हावा म्हणून आम्ही क्लासच्या सरांच्या मागे लागायचो, क्यूबेसिकला ते जमतच नसे. इथे एफ-पाच दाबलं की झालीच ईएक्सई.

यात मला सर्वांत आवडली ती शब्दांची रीत. चित्रांचे, आवाजाचे, खिडक्यांचे कितीतरी नवे शब्द भाषेत आणायचे होते, पण जुन्या प्रोग्रामांत लोकांनी तीच नावं आधीच वापरली असली तर? आपल्याकडे नवी सून आली आणि घरात त्याच नावाची नणंद असली की सुनेचं नाव बदलत. तसंच इथे. नव्या प्रत्येक शब्दापुढे एक अंडरस्कोर, म्हणजे थोरल्यांच्या नावाला धक्का नाही. सुनेच्या बाबतीत ही रीत अन्यायाचीच होती. भाषेच्या बाबतीत मात्र हिच्यामुळेच आमची वही जशीच्या तशी चालली.

म्हणजे, चालली पण कशी? पोरानं 'फाटक' सगळं टाइप केलं, एफ-पाच दाबलं. फाटक दिसलं आणि लगेच बैलगाडी चिरडली. "आत्या, ट्रेन आलीच कधी?" तो रिकामा फॉर-नेक्स्ट! आजच्या मशीननं काही हजार आकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून टाकले. मोजणी काढून तिथं '_लिमिट ३०' लिहिलं, सेकंदाला तीस वेळाच फिर म्हणून, आणि मालगाडी आपल्या चालीनं येऊ लागली. लुकलुक '_डिस्प्ले' नं गेली: सगळं आत काढून ठेवायचं, मग एकदम दाखवायचं.

त्यानंतर त्याला जोर चढला. '_न्यूइमेज' नं १२८० बाय ७२० चा पडदा, ३२ बिटांचे रंग, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त छटा. केशरी आता नुसता लिहायचा, २५५, १५३, ५१. ताईनं वहीतला चौकटीतला आकडा दाखवला, तर तो म्हणाला, एवढं कशाला करत होतात? खऱ्या बैलगाडीचा फोटो '_लोडइमेज' नं आणला, कडा पारदर्शक, '_पुटइमेज' नं हवा तेवढा लहानमोठा. आता बैल शेतावरून जातो आणि रंग पालटत नाही. देखणं झालंय, खोटं कशाला बोला. आम्हाला तेव्हा मिळालं असतं तर दोन्ही हातांनी घेतलं असतं; आलेख-कागदावर ठिपके मोजण्यात काही पुण्य नव्हतं. तरी घरात दोन तट पडलेच. दादाला फोटोचा बैल आवडतो, ताईला चौकोनाचा. म्हणून सुरुवातीला विचारणा टाकली आहे: १ दाबा जुना बैल, २ दाबा नवा.

सध्या भांडण भोंग्यावरून चालू आहे. '_एसएनडीओपन' म्हणजे खरा आवाज वाजवायची सोय. पोरानं फोन घेऊन स्टेशनवर जाऊन गाडीचा भोंगा भरून आणला. काकांनी ऐकला आणि नाक मुरडलं. लाइन दुहेरी झाली, वरून तारा गेल्या, आता येतं ते विजेचं इंजिन. आमच्या फाटकाला डिझेलचा भोंगा पाहिजे, तो वेगळाच. तसा कुठून मिळतो का, पोरगा बघतोय. तोवर 'साउंड ३७०, १८' वर भागवतो आहोत.