जुन्या घराची डागडुजी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत ‘घर पाहावे दुरुस्त करून’ एवढी भर घालण्याचा अधिकार गेल्या दोन वर्षांत आम्हांला खचितच प्राप्त झाला आहे.

राणोजी शिंद्यांनी उज्जैनला राजधानीचा मान दिला. पुढे दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला नेली. राजधानी गेली, परंतु कारकुनी, भिक्षुकी वा शिक्षकी यांच्या निमित्ताने आलेली पुष्कळ मराठी घरे क्षिप्रेकाठीच राहिली. आमचे घर त्यांपैकीच एक. दिंडी दरवाजा, ओसरी, फरसबंद चौक, सागवानी खांब, अंधारे माजघर आणि परसात विहीर. वाडा म्हणावे इतके मोठे नाही, पण चार पिढ्यांची बाळंतपणे आणि मुंजी याच छपराखाली झाल्या.

वडील गेले आणि वर्षश्राद्ध आटोपल्यावर इंदूरच्या दादांनी विषय काढला. २०२२च्या ऑक्टोबरात ‘महाकाल लोक’ खुले झाल्यापासून यात्रेकरूंची रीघ वाढली आहे. २०२८चा सिंहस्थही जवळ आला. घर पाडून तीन मजली धर्मशाळावजा इमारत उठवली, तर दोघांच्याही मुलांची सोय होईल, असा त्यांचा हिशेब होता. दादांना लोभी म्हणणे हा अन्याय ठरेल. हिशेब चोख होता आणि आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते. शिवाय माजघराची भिंत ओलीने खचत चालली होती. आई तेथेच निजत असे.

ती भिंत खचण्याचा दोष वाचकांपुढे कबूल केला पाहिजे, कारण तो आमचाच होता. २०१६च्या सिंहस्थापूर्वी पाहुणे येणार म्हणून आम्ही मोठ्या हौसेने जुना चुन्याचा गिलावा खरवडून तेथे सिमेंटचा चढवला. दोन वर्षे भिंत आरशासारखी दिसली. मग लोणा फुटला, रंगाचे पापुद्रे सुटले, आणि ओल गुडघ्यापासून कमरेपर्यंत चढली.

दुरुस्तीसाठी बोलावलेल्या एका वृद्ध गवंड्याने भिंतीला तळहात लावून कारण सांगितले. जुन्या विटांची भिंत जमिनीतले पाणी थोडे थोडे शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते वाऱ्यावर सोडून देते. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी आतच कोंडते आणि वर चढते. त्यातून माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घर किंचित हलते. तेवढे हलणे चुना सोसतो, कठीण सिमेंट तडकते.

होळीनंतर सिमेंट उतरवले. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवून वाळू दिली. इकडे परसात कळीचा चुना टाकीत कित्येक आठवडे विरत होता. त्यात वाळू आणि विटांची सुरखी मिसळली, गुळाचे आणि बेलफळाचे पाणी घातले. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. त्याला घाई चालत नाही. पातळ थर द्यायचा, ओला राखायचा, थांबायचे, मग दुसरा द्यायचा. चौकातील एका खांबाचा पाय कुजला होता. सगळा खांब न काढता, तुळईला टेकू देऊन, कुजलेला भाग तेवढा कापला. नव्या सागाचा जोड बसवून तो पुन्हा तळखड्यावर उभा केला. जोड लपवला नाही. तो दिसतो, आणि दिसावाच.

या दिवसांत आम्हांला आपल्या वेधशाळेची वारंवार आठवण झाली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली ही यंत्रे पुढे मोडकळीस आली होती. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या ज्योतिर्विदांच्या आग्रहामुळे माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, १९२३ साली, त्यांचा जीर्णोद्धार झाला आणि आपटे तेथील पहिले अधीक्षक झाले. सम्राट यंत्राच्या सावलीवरून आजही वेळ वाचता येते. यंत्र जुने दिसावे एवढ्यासाठी हा खटाटोप नव्हता. त्याने पुन्हा आपले काम करावे, यासाठी होता. घराचेही तसेच असावे, असे आम्हांस वाटू लागले.

हे तत्त्वज्ञान आम्ही एका संध्याकाळी आईपुढे मांडले आणि स्वयंपाकघरही मूळच्या स्वरूपात ठेवण्याचा मनोदय सांगितला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या चुलीचा धूर तुम्ही कुठे खाल्लात? पन्नास वर्षं मी वाकून खाल्ला. भिंती ठेवा, खांब ठेवा; पण ओटा बांधा, मोठी खिडकी पाडा, आणि रात्री अंगण ओलांडून मोरीवर जायची पाळी माझ्यावर आणू नका.”

आम्ही निरुत्तर झालो. जुन्या घराची शोभा आम्ही पाहिली होती, त्याचा जाच तिने सोसला होता. ज्या घडणीमुळे घर थंड राहते, कोरडे राहते, चार माणसांना एकत्र बसवते, ती राखावी. ज्या घडणीने घरच्या बाईची कंबर मोडली, ती खुशाल बदलावी. एवढा विवेक आम्हांला तिच्याकडून मिळाला. ओटा झाला, खिडकी झाली, आणि माजघराला लागून न्हाणीघर व शौचकूपही झाले.

दिवाळीत दादा आले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. ती कोरडी होती. दुपारी ते ओसरीवर आडवे झाले आणि चहाची वेळ टळून गेली तरी उठले नाहीत. वाटणीचा प्रश्न सुटला, असे आम्ही म्हणणार नाही. निघताना ते एवढेच म्हणाले, “आई आहे तोवर राहू दे.” आमच्या वाट्याची मुदत तेवढीच. या वर्षी कौले चाळायची आहेत. पावसापूर्वी ते काम उरकले पाहिजे.