शेवट ठाऊक असलेली सुखं

पुणे

प्रिय वहिनी,


तुमच्या पत्रातला आक्षेप नेमका आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं, की घरी बसून गोधडी शिवणं, कोडी सोडवणं आणि सात्त्विक ख्रिस्ती प्रेमकथा वाचणं या तिन्हींत एकच उणीव आहे: शेवट आधीच ठरलेला असतो. गोधडी पुरी होणार, कोडं सुटणार, नायक-नायिकेचं लग्न लागणार. मग बुद्धीला काम काय उरलं, असं तुम्ही विचारता. तुम्ही दाखवलेलं साम्य अगदी खरं आहे. पण मला तीच या तिन्ही गोष्टींची ताकद वाटते. पुढे काय होणार ही धाकधूक मिटली, की ते कसं होतं याकडे लक्ष द्यायला मन मोकळं होतं. आपल्याकडे हे सुख जुनंच आहे. नारदीय कीर्तनात उत्तररंगाचं आख्यान सुरू होतं, तेव्हा सुदाम्याला द्वारकेत काय मिळणार हे मंडपातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. तरी कुणी उठून जात नाही. बुवा पोह्यांची पुरचुंडी सोडण्याचा प्रसंग कसा रंगवतात, कृष्णाच्या तोंडी काय घालतात, यासाठीच तर लोक बसलेले असतात.

गोधडीचंच पाहा. धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती लुगडी, धोतरं, आतल्या थरांत फाटके तुकडे आणि वर त्यातल्या त्यात धड कापड. थर जमिनीवर अंथरून हाताने सुरकुत्या काढायच्या, कडा टाचून घ्यायच्या आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालत कडेपासून आत आत जायचं, चौकोनात चौकोन, थेट मध्यापर्यंत. टाका लांब पडला तर धुण्यात थर सरकतात आणि आत बोळे होतात. फार घट्ट पडला तर गोधडी ताठ होते आणि थरांमधली हवा दबते, जिच्यामुळे खरं तर ऊब राहते. म्हणजे प्रत्येक टाक्याला एक छोटा निर्णय आहे, आणि शेवटी गोधडीच होणार हे माहीत असल्याने तो निर्णय एक कणही सोपा होत नाही. आता कुणी म्हणेल, हे मुळात गरजेचं काम. ज्या बायांनी थंडी निवारायला वाकळी शिवल्या त्यांच्या कष्टाला आपण छंद म्हणायचं, हे शोभत नाही. हा मुद्दा मी बाजूला सारणार नाही. पुण्यात जुन्या साड्या देऊन गोधडी शिवून घेणारे पुष्कळ आहेत, आणि मजुरीवर घासाघीस करणारेही तेच आहेत. स्वतः एक गोधडी कडेपासून मध्यापर्यंत शिवून पाहिलेला माणूस ती घासाघीस करू धजणार नाही, असं मला वाटतं. शिवाय गरजेच्या त्या वाकळीतही हिरव्याशेजारी लाल ठिगळ कुणीतरी निवडूनच लावलेलं असतं. थंडीला रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. ती निवड त्या बाईच्या आनंदाची होती, आणि तिला फक्त कष्टाळू म्हणून आपण तो आनंद तिच्याकडून काढून घेतो.

कोड्यांच्या बाबतीत तर पुरावा आणखी पक्का आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीला शाळामास्तर. त्यांनी १९४९ मध्ये शोधलेली गंमत तुम्हाला ठाऊक असेल. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, येणाऱ्या बाकीवर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर पोचलात की तिथेच राहता. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथेच येते. शेवट इतका ठरलेला दुसरा खेळ शोधून सापडायचा नाही. तरी कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस एका संख्येवर थांबत नाही, कारण प्रत्येकीची वाट वेगळी असते.

याच्या उलट, शेवट अनिश्चित केला की कोड्याचं काय होतं हेही या देशाने पाहिलं आहे. एके काळी मोठ्या रकमांच्या बक्षिसांची शब्दकोडी जोरात चालत. त्यांत एका जागी दोन-तीन शब्द सारखेच शोभत आणि त्यांतला ‘बरोबर’ कोणता हे संयोजकाने आधी ठरवून ठेवलेलं असे. तिथे अक्कल चालवून उपयोग नव्हता, नशीब लागे. म्हणून १९५५ मध्ये कायदा होऊन महिन्याला हजार रुपयांवरच्या बक्षिसांना बंदी आली, आणि १९५७ च्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची स्पर्धा आणि नशिबाचा जुगार यांत स्पष्ट रेघ ओढली. तुम्हाला हवा असलेला धोका त्या कोड्यांत भरपूर होता; बुद्धीला काम मात्र नव्हतं. सुडोकूला एकच उत्तर असतं म्हणून तर तर्काने तिथवर जाता येतं. मराठी शब्दकोड्यात हे अधिकच जाणवतं. एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे आडवा-उभा शब्द जिथे छेदतात तिथे वेलांटीही जुळावी लागते. कोडं रचणाऱ्याचे हाल होतात, सोडवणाऱ्याला मात्र प्रत्येक छेद भरघोस मदत करतो.

आता कादंबऱ्या. तुमचा खरा राग त्यांच्यावर आहे. कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या १९७९ च्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ने या प्रकाराला आजचं रूप दिलं असं मानतात. त्यातली मार्टी माळरानावर, पोटात मूल असताना विधवा होते. क्लार्क हा विधुर, त्याच्या लहान मुलीला आई हवी. दोघं केवळ निभावण्यासाठी लग्न करतात आणि प्रेम मागाहून, हळूहळू येतं. आधी लग्न, मग ओळख, मग प्रेम हा क्रम मराठी घराला परका आहे का? आपल्याकडच्या किती आज्या-पणज्यांचं आयुष्य त्या क्रमाने गेलं, आणि त्यांतलं ‘मागाहून’ कसं घडलं याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मोठी आहेत याचं एक कारण त्यांत ते ‘मागाहून’ लिहिलं गेलं हेच आहे. मुळात मराठीतली पहिली कादंबरीच घरगुती ख्रिस्ती कथा आहे, बाबा पद्मनजींची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासात विधवांचे हाल पाहते, पुढे स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा संसार मांडते. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झालेला. अशा वेळी विधवेचं लग्न लावून पुस्तक संपवणं म्हणजे वाचकाला गोड बोलून निजवणं होतं का? मला तर ती उघड मागणी दिसते. त्यानंतर तीसेक वर्षांनी ह. ना. आपट्यांनी पुण्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली. तिची नायिकाही यमुनाच. तिचं बळजबरीने केशवपन होतं आणि ती खंगून जाते. कलाकृती म्हणून आपट्यांची कादंबरी फार वरची, याबद्दल वाद नाही. पद्मनजींच्या पानोपानी उपदेश आहे आणि तो जड जातो. पण एकीने जे आहे ते दाखवलं, दुसरीने जे असायला हवं ते लिहून ठेवलं. सुखान्ताला पळवाट म्हणताना ही दुसरी गोष्ट विसरून चालत नाही.

या कथा एकाच साच्याच्या असतात, हे मला मान्य आहे, आणि पुष्कळशा सुमारही असतात. साच्यातल्या गोष्टीत लेखिकेचं कसब लगेच उघडं पडतं. मधलं काही जमलं नाही तर झाकायला रहस्य नसतं. वाईट पुस्तक खाली ठेवावं, त्यासाठी सगळा प्रकार मोडीत काढू नये. दुसऱ्या धर्माची श्रद्धा मुरलेली पुस्तकं घरात कशाला, असंही तुम्ही हलकेच सुचवलं आहे. वहिनी, याच शहरात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा दिला गेला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं होतं. त्या चहाने कुणाचा धर्म गेला नाही. प्रार्थना करून निर्णय घेणारी नायिका समजून घ्यायला आपली प्रार्थना बदलावी लागत नाही. विठ्ठलाला मनातलं सांगणाऱ्या बाईला तर ती चटकन कळते.

राहिला उपयोगाचा प्रश्न. बाईच्या मोकळ्या वेळाला उपयोगाचा दाखला मागायची सवय आपल्याला फार आहे. आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यात साप्ताहिक काढलं, त्याचं नावच ‘करमणूक’ ठेवलं. बोध त्यातही होता, पण पाटीवर करमणूक होती. तेवढा मोकळेपणा आपण आज घरात दाखवायला हरकत नसावी.

तुम्ही एक करा. नगर वाचन मंदिरातून किंवा जिथून मिळतील तिथून दोन्ही यमुना आणवा. आधी आपट्यांची वाचा, मग पद्मनजींची. काळाच्या उलट क्रमाने वाचल्यावर तो सुखान्त तुम्हाला कसा वाटतो, ते मला सविस्तर कळवा. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं नेट लावावा लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची नणंद